दिल्लीतला दुसरा 'केसरी'

१९७४ सालची गोष्ट. पंजाबात ग्यानी झैलसिंग मुख्यमंत्री होते आणि जालंधरहून निघणारे एक वर्तमानपत्र त्यांच्या सरकारवर रोज तुटून पडत होते. आधी सरकारी जाहिराती बंद झाल्या. त्याने काही फरक पडेना, तेव्हा छापखान्याची वीजच तोडण्यात आली. यंत्रे थांबली, की अंक थांबणार, असा सरळ हिशेब होता. पण पंजाब हा शेतकऱ्यांचा प्रांत. मालकांनी एक ट्रॅक्टर आणून छापखान्याच्या दाराशी उभा केला, त्याच्या इंजिनाला छपाईयंत्र जोडले आणि अंक छापून बाहेर काढला!

शेतात नांगर ओढणाऱ्या यंत्राने वर्तमानपत्र छापल्याची ही हकीकत पंजाबी माणूस आजही मोठ्या चवीने सांगतो. त्या घराण्याचे हिंदी दैनिक म्हणजे 'पंजाब केसरी'. दिल्लीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला हे नाव पहिल्यांदा चमकवते. केसरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचा गायकवाडवाडा आणि १८८१ साली सुरू झालेले लोकमान्यांचे पत्र येते. मग हा दुसरा केसरी कुठला?

तर हा केसरी म्हणजे लाला लजपतराय. पंजाबी जनतेने त्यांना 'पंजाब केसरी', म्हणजे पंजाबचा सिंह, ही पदवी दिली होती. लाल-बाल-पाल या त्रयीतल्या बाळने आपल्या पत्राला जे नाव दिले, तेच नाव लालच्या पदवीतून दुसऱ्या एका पत्राला मिळाले, असा हा योगायोग. दिल्लीच्या नकाशावरही ही जोडी आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीचे नाव लजपतनगर आणि दुसरीचे टिळकनगर. या वसाहतींत घरोघरी जी वर्तमानपत्रे गेली, त्यांत हे एक होते.

लाहोर ते जालंधर

हे घराणे उभे करणारे लाला जगतनारायण यांचा जन्म ३१ मे १८९९ रोजी वझिराबादचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला कायद्याचे शिक्षण चालू असताना १९२० साली गांधीजींची असहकाराची हाक आली आणि त्यांनी कॉलेज सोडले. पुढे तुरुंगवास घडला, तिथे लजपतरायांचा सहवास मिळाला आणि सुटून आल्यावर वर्तमानपत्राचे वेड लागले ते कायमचे. १९४७ साली लाहोर सुटले. लाखो कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही सीमा ओलांडून जालंधरला आले आणि पुढच्याच वर्षी, १९४८ साली, त्यांनी 'हिंद समाचार' हे दैनिक सुरू केले. ते उर्दूत होते.

आज अनेकांना याचे नवल वाटेल. आर्यसमाजी हिंदू माणूस, फाळणीत घरदार गमावून आलेला, आणि वर्तमानपत्र उर्दूत काढतो! पण त्या काळच्या पंजाबात पुरुषांची शिकण्याची लिपी उर्दूच होती. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत, खतावणी उर्दूत. लाहोरहून दिल्लीला आलेली 'प्रताप' आणि 'मिलाप' ही दैनिकेही उर्दूच. घरातल्या मुली मात्र आर्यसमाजाच्या शाळांतून देवनागरी शिकत होत्या. त्यामुळे कित्येक घरांत सासरा आणि नवरा उर्दू वर्तमानपत्र वाचत आणि सून शेजारी बसून ते ऐकत असे. वाचायचे म्हटले तर तिला ती अक्षरे लागत नसत. स्वातंत्र्यानंतर मुलगेही हिंदी शिकू लागले. एका पिढीतच वाचकाचे डोळे उजवीकडून डावीकडे जायचे थांबून डावीकडून उजवीकडे जाऊ लागले.

हा बदल लालाजींनी वेळीच ओळखला. १९६५ साली त्यांनी हिंदी 'पंजाब केसरी' काढले. १९७८ साली गुरुमुखी लिपीतले 'जगबाणी' आले. एकाच छताखाली तीन भाषा, तीन लिप्या. आज त्यांतले उर्दू वर्तमानपत्र वाचणारे हात म्हातारे झालेले आहेत, आणि ज्या हिंदी पत्राकडे सुरुवातीला धाकटे भावंड म्हणून पाहिले गेले, तेच घराण्याचे नाव सांगते.

लालाजी राजकारणातही होते. पंजाबात मंत्री झाले, शिक्षणखाते सांभाळले, १९५६ साली काँग्रेस सोडली, १९६४ ते १९७० राज्यसभेवर राहिले. आणीबाणीत पंचाहत्तरी उलटलेल्या या माणसाला पुन्हा तुरुंगात जावे लागले. इंग्रजांच्या तुरुंगात गेलेला माणूस स्वराज्याच्या तुरुंगातही जातो, याचे दुःख त्यांच्या पिढीतल्या अनेकांच्या वाट्याला आले.

रक्ताची शाई

पंजाबची पुढची वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. १९७८ सालच्या बैसाखीला अमृतसरमध्ये निरंकारी आणि कडवे शीख गट यांच्यात रक्तपात झाला. त्या दिवशी लालाजी निरंकारींच्या मेळाव्याला हजर होते आणि नंतरच्या खटल्यात त्यांनी साक्षही दिली. निरंकारींचे गुरू बाबा गुरबचनसिंग यांची एप्रिल १९८० मध्ये दिल्लीत हत्या झाली. लालाजींच्या लेखणीने भिंद्रनवाले यांच्यावरची टीका थांबवली नाही. ९ सप्टेंबर १९८१ रोजी जालंधरला परतत असताना लुधियानाजवळ त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडण्यात आल्या. ते जागीच गेले. वय ८२ वर्षांचे. या प्रकरणात भिंद्रनवाले यांना अटक झाली आणि महिन्याभरातच ते सुटलेही. त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, असे संसदेत सांगणारे केंद्रीय गृहमंत्री कोण होते? तेच ग्यानी झैलसिंग!

लालाजींचे थोरले चिरंजीव रमेशचंद्र यांनी संपादकाची खुर्ची घेतली. १२ मे १९८४ रोजी जालंधरमध्ये त्यांचीही हत्या झाली. पुढे धाकटे बंधू विजयकुमार चोप्रा आणि रमेशचंद्रांचे चिरंजीव अश्विनीकुमार यांनी काम चालू ठेवले.

या साऱ्या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. लालाजी हिंदीचे कट्टर कैवारी होते. घरात पंजाबी बोलणाऱ्या हिंदूंनी जनगणनेत आपली मातृभाषा हिंदी लिहावी, या प्रचारात आर्यसमाजी वर्तमानपत्रे पुढे होती आणि त्यांची पत्रे त्यात होती. त्याने शीख समाज दुखावला. तिकडे पंजाबी वर्तमानपत्रेही मागे नव्हती. दोन्ही बाजूंच्या भडक मथळ्यांनी दोन समाजांमधली दरी रुंद केली, असा ठपका त्या काळात अनेक जाणत्यांनी ठेवला आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. पण मथळ्याला उत्तर मथळ्याने द्यायचे असते, बंदुकीने नव्हे. शिवाय गोळ्या काही मथळे लिहिणाऱ्यांनाच शोधत आल्या नाहीत.

कारण खरा मार खाल्ला तो वेगळ्याच माणसांनी. दहशतवाद्यांच्या लक्षात आले की संपादकाला मारले तरी अंक निघतोच. मग त्यांनी साखळीची शेवटची, सगळ्यांत कमकुवत कडी धरली. गावोगावचे एजंट आणि सायकलवरून घरोघरी पेपर टाकणारी पोरे. हा पेपर विकायचा नाही, अशा धमक्या आल्या. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यातले काही पहाटेच्या अंधारात मारले गेले. वार्ताहर गेले, उपसंपादक गेले, चालक गेले, विक्रेते गेले. दोन संपादकांसह या समूहाशी संबंधित साठाहून अधिक माणसे त्या दशकात मारली गेली. जगात फार थोड्या वर्तमानपत्रांनी एवढी किंमत मोजली असेल.

अंकाचे गठ्ठे नेणाऱ्या गाड्यांना तेव्हा पोलिसांचा पहारा असे. एका पेपरविक्याच्या घरचा विचार करून पाहावा. एका अंकामागे हाती येणार ते काही पैसे. त्यासाठी पहाटे चारला घराबाहेर पडायचे, आणि परत येईल की नाही हे बायकोला माहीत नाही. संपादकाला निदान त्याच्या लेखाचे समाधान तरी होते. या माणसांपैकी कित्येकांनी आपण काय वाटतो आहोत ते वाचलेही नसेल. तरी पेपर वाटला गेला.

याच काळात, १९८३ साली, समूहाने 'शहीद परिवार फंड' सुरू केला. वाचकांच्या देणग्यांतून दहशतवादात कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबांना मदत द्यायची, अशी ही योजना. ती केवळ आपल्या कर्मचाऱ्यांपुरती नव्हती. ज्या घरात गोळी शिरली, ते घर आपले, असा हा हिशेब होता. शिवणयंत्र, मुलीचे लग्न, मुलाची फी, अशा साध्या गरजा असलेल्या विधवांच्या रांगा पंजाबने त्या वर्षांत फार पाहिल्या.

दिल्लीच्या गल्लीत

पंजाबात असे दिवस असतानाच १९८३ साली 'पंजाब केसरी'ने दिल्लीत पाऊल ठेवले. पहिल्या दर्शनी हा धाडसाचाच सौदा वाटतो. पण दिल्लीचे गणित लालाजींच्या वारसांना पक्के माहीत होते. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची वस्ती सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ ला ती साडेसतरा लाखांच्या जवळ गेली, आणि या वाढीचा मोठा भाग म्हणजे पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित. पटेलनगर, राजेंद्रनगर, मालवीयनगर, लजपतनगर, टिळकनगर. या वस्त्यांतला दुकानदार दिल्लीकर झाला होता खरा, पण त्याचे अर्धे गणगोत अजून जालंधर, लुधियाना आणि अंबाल्याला होते. तिकडे काय घडले हे त्याला इंग्रजी पत्रांच्या थंड भाषेत नको होते.

त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९८३ ला, दिल्लीत 'जनसत्ता' निघाले. संपादक प्रभाष जोशी. बोलीचा गोडवा असलेली हिंदी, धारदार लेख आणि भाषेची कमालीची काळजी. हिंदी जाणकारांनी ते डोक्यावर घेतले. त्याच्या मानाने 'पंजाब केसरी'चे रूप अगदीच बाजारी. मोठाले मथळे, ठसठशीत छायाचित्रे, पानापानावर सिनेनट्या. विद्वानांनी नाके मुरडली. 'नवभारत टाइम्स' आणि 'हिंदुस्तान' ही दोन जुनी, घरंदाज दैनिके तर आधीपासून होतीच. त्यांच्या कचेऱ्या शहराच्या मध्यभागी, प्रतिष्ठित रस्त्यांवर. 'पंजाब केसरी'ने आपले बिऱ्हाड थाटले वझीरपूरच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारी. तिथे उठबस होती ती व्यापाऱ्यांची आणि कारखानदारांची, मंत्रालयातल्या सचिवांची नव्हे.

आणि पेपर चालला! देशातल्या मोठ्या खपाच्या हिंदी दैनिकांत त्याची गणना होऊ लागली. का चालला, याचे उत्तर त्याच्या पुरवण्यांत सापडते. घरात एकच पेपर येतो आणि तो पाच माणसे वाचतात, हे सूत्र धरून आठवड्याची आखणी होती. एखाद्या दिवशी सिनेमा, एखाद्या दिवशी धर्म आणि व्रतवैकल्ये, बायकांसाठी पाककृती, मुलांसाठी कोडी. आजोबांना अग्रलेख, नातवाला क्रिकेट. अश्विनीकुमार स्वतः पंजाबकडून रणजी सामने खेळलेले लेगस्पिनर. त्यामुळे क्रीडापानाकडे दुर्लक्ष होण्याचा प्रश्नच नव्हता! पुढे २०१४ साली ते कर्नालहून लोकसभेवर निवडून गेले.

दिल्लीच्या हिंदी दैनिकांत सर्वांत वाचनीय मजकूर कोणता, असे विचारले तर जाणकार वाचक छोट्या जाहिरातींकडे बोट दाखवील. 'उठाला' आणि 'रस्म पगडी'च्या सूचना तिथे असतात. उठाला म्हणजे मृत्यूनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची शोकसभा, आणि रस्म पगडी म्हणजे घराचा भार थोरल्या मुलाच्या डोक्यावर ठेवण्याचा विधी. पंजाबी कुटुंबात कुणाच्या उठाल्याला गेले नाही तर वर्षानुवर्षे बोल ऐकावे लागतात. त्यामुळे सकाळी आधी ते पान उघडायचे, पंतप्रधान काय म्हणाले ते नंतर! त्याच्याच शेजारी असते 'बेदखल'ची सूचना. आपला अमुक मुलगा आणि सून आपल्या सांगण्याबाहेर गेले आहेत, त्यांना आपल्या स्थावर-जंगम मिळकतीतून बेदखल करीत आहोत, त्यांच्याशी कोणी व्यवहार केल्यास तो आपल्या जबाबदारीवर करावा. खाली वकिलाचे नाव. कायद्याने अशा चार ओळींनी मुलाचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क जात नाही, हे वकिलालाही ठाऊक असते. पण गल्लीत सांगायचे ते सांगून होते. एखाद्या घराचे महाभारत अवघ्या चाळीस शब्दांत, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद समोशाखाली.

रात्रपाळी

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सकाळचे वाटते, पण ते रात्रीचे अपत्य असते. संध्याकाळी वृत्तसंपादक उद्याच्या बातम्यांची यादी घेऊन बसतो. कोणती पहिल्या पानावर, कोणती आत, कोणती केराच्या टोपलीत. एकेकाळी टेलिप्रिंटर खडखडत असत आणि त्यावर इंग्रजी मजकूर येई. उपसंपादकाचे अर्धे काम म्हणजे भाषांतर. १९८२ साली 'युनिवार्ता' आणि १९८६ साली पी.टी.आय.ची 'भाषा' सुरू झाली, तेव्हा हिंदी पत्रांना बातमी हिंदीतच मिळू लागली. तोवर 'अमुक यांच्या द्वारा असे सांगण्यात आले' अशी अवघडलेली वाक्ये उतरत, ती भाषांतराच्या घाईमुळेच. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना हे दुखणे काही नवे नाही.

पूर्वी खिळे जुळवणाऱ्यांची पलटण असे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची घरे शेकड्यांनी. इंग्रजी जुळणाऱ्याला सव्वीस अक्षरांवर भागते, हिंदी जुळणाऱ्याचा हात सगळ्या पेटाऱ्यावर फिरत राही. ऑफसेट आणि संगणक आल्यावर हे सारे गेले. शिशाचे काळे डाग बोटांवरून गेले आणि ते कामही गेले. आता पान पडद्यावर लागते, त्याची प्लेट होते, ती यंत्रावर चढते आणि कागदाचे अवजड रोल उलगडू लागतात.

दूरच्या गावांची आवृत्ती आधी छापली जाते. तिला डाक आवृत्ती म्हणतात. पानिपत, रोहतक, सोनीपत इकडच्या गाड्या लवकर सुटतात, म्हणून मध्यरात्रीनंतर काही घडले तर त्या वाचकाला ते उद्या कळते. दिल्ली शहराची आवृत्ती सगळ्यांत शेवटी. रात्री उशिरा संपलेल्या क्रिकेट सामन्याचा निकाल लजपतनगरला छापून जातो आणि पानिपतला जात नाही, त्याचे कारण हेच.

पहाटे अजून अंधार असतानाच शहरातल्या ठरलेल्या चौकांत गठ्ठे येऊन पडतात. फुटपाथवर मांडी घालून विक्रेते पुरवण्या आत घालायला बसतात. बोटांचा वेग असा, की पाहणाऱ्याची नजर चुकावी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके इतके दाट असते की समोरची सायकल दिसत नाही. शेकोटी पेटवून तिच्याभोवती हेच काम चालते. मग पेपराची घट्ट सुरळी, त्यावर रबर, आणि खालूनच तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेम. नेम चुकून पेपर खालच्याच्या छज्जावर पडला तर दोन्ही घरांची भांडणे विक्रेत्याच्या अंगावर.

अंकाची किंमत आणि त्याचा खर्च यांचा मेळ कधीच बसत नाही. नुसता कागदच विक्रीच्या पैशातला मोठा वाटा खातो, त्यात विक्रेत्याचे कमिशन. उरलेले सारे जाहिरातींनी भरून काढायचे. १९९४ साली दिल्लीत 'टाइम्स ऑफ इंडिया'ने किंमत एकदम खाली आणली आणि दरयुद्ध पेटले. गृहिणींनी तेव्हा साधा हिशेब केला. महिन्याचे बिल एवढे, महिनाअखेरीस रद्दीचे एवढे, म्हणजे पेपर जवळजवळ फुकट! भाषिक दैनिकांना मात्र हे युद्ध महागात पडणारे होते. इंग्रजी पेपरात मोटारींच्या जाहिराती येतात. हिंदी पेपरात मसाले, बनियन आणि केशतेल. वाचक जास्त असूनही जाहिरातीचा दर कमी, ही तक्रार मराठी, हिंदी, साऱ्याच भाषांची.

काळाच्या ओघात घराण्याच्या कामाची वाटणीही झाली. दिल्लीची आवृत्ती अश्विनीकुमारांकडे, तर जालंधर आणि इतर आवृत्त्या विजयकुमार चोप्रांकडे. चोप्रांना २००५ साली पद्मश्री मिळाली, पी.टी.आय.चे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. अश्विनीकुमार १८ जानेवारी २०२० रोजी वारले. त्यानंतर दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली आणि दिल्लीच्या सोसायट्यांनी पेपरवाल्याला फाटकातून आत येऊ देणे बंद केले. कागदाला विषाणू चिकटून येतो, अशी भीती पसरली होती. ज्यांनी तेव्हा पेपर बंद केला, त्यांतल्या अनेकांनी तो पुन्हा लावलाच नाही. मोबाइलवर बातमी मिळते आणि फुकट मिळते.

चौकातले विक्रेते आता पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. एकेकाळी ज्याच्याकडे एका गल्लीत पन्नास घरे होती, त्याला तेवढ्याच अंकांसाठी चार गल्ल्या फिराव्या लागतात. सायकल जाऊन मोटारसायकल आली, पण पेट्रोलचा खर्च खिशातूनच. पोरांनी या धंद्यात यावे असे त्यांतल्या फारच थोड्यांना वाटते. टिळकनगर, लजपतनगरच्या जुन्या घरांत मात्र उठाल्याचे पान बघितल्याशिवाय चहा न घेणारी म्हातारी माणसे अजून आहेत, आणि पेपर यायला दहा मिनिटे उशीर झाला की ती गॅलरीत येऊन उभी राहतात.